विजेचे पाणवठे

भोपाळ शहराच्या पूर्व अंगाला पिपलानी, बरखेडा आणि गोविंदपुरा ही नावे एका कारखान्याने मोठी केली. १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी भोपाळ नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी झाले त्याच वर्षी, हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज ह्या कंपनीचे तांत्रिक साहाय्य तिला लाभले आणि १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते भोपाळच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. पुढे १९७४ साली ती भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली व भोपाळकरांच्या बोलण्यात त्या साऱ्या वस्तीचे नावच 'भेल' होऊन बसले. रोहित्रे, पाण्याच्या टर्बाइनी, रेल्वेच्या विद्युत् इंजिनांच्या मोटारी, अशी वीज निर्माण करण्याची, ती वाहून नेण्याची व तिच्या बळावर चाके फिरविण्याची यंत्रे येथे घडली. विजेवर चालणाऱ्या मोटारींना वाटेत वीज कशी पुरवावी व त्या पुरवठ्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आज देशभर चर्चिला जात आहे. त्याचा इतिहास पाहावयाचा, तर भोपाळहूनच निघणे सोयीचे पडते.

प्रश्न दिसतो तितका नवा नाही. प्रवासाचे कोणतेही साधन घ्या, त्याला वाटेत पाणवठा लागतोच. घोड्याला चारा-पाणी, वाफेच्या इंजिनाला कोळसा आणि पाणी, पेट्रोलच्या मोटारीला पंप. आणि पाणवठ्याची अडचण अशी की तो वाटसरूंच्या आधी खोदावा लागतो. विहीर नाही म्हणून वाटेने कोणी जात नाही, आणि कोणी जात नाही म्हणून विहीर खोदावयास कोणी पुढे येत नाही. ही गाठ कोणीतरी प्रथम पदरमोड करून सोडवावी लागते. भोपाळला ती एकदा सुटली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे इटारसीवरून जबलपूरकडे गेली, तेव्हा भोपाळ तिच्या वाटेवर नव्हते. इटारसीहून नर्मदा ओलांडून, बुधनीच्या घाटातून विंध्य चढून भोपाळपर्यंत फाटा आणावयाचा, तर व्यापारी कंपनीला त्यांत तत्काळ लाभ दिसण्याजोगी वाहतूक नव्हती. शाहजहान बेगमांनी संस्थानच्या खजिन्यातून त्यासाठी मोठी रक्कम दिली आणि १८८४ साली गाडी भोपाळला आली. गाडीत बसणाऱ्या उतारूंनी तो खर्च दिला असता तर तिकीट कोणासच परवडले नसते. संस्थानने तो दिला, कारण संस्थानला तिकिटापलीकडचा लाभ दिसत होता.

विजेच्या मोटारीलाही हाच पेच पहिल्यापासून नडला. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींहून अधिक होत्या, ही गोष्ट आज अनेकांना आश्चर्याची वाटेल. धूर नाही, आवाज नाही, हँडल मारावयाचे कष्ट नाहीत. शहरात त्या उत्तम चालत. शहराबाहेर मात्र त्यांना वीज मिळेना, मिळाली तर बॅटरी भरण्यात रात्र जाई. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने ह्यावर एक उपाय काढला. १९१० पासून पुढे सुमारे चौदा वर्षे तिने बॅटरी बदलून देण्याची सेवा चालविली. गिऱ्हाइकाने गाडी बॅटरीविना विकत घ्यावी, बॅटरी कंपनीची, आणि गिऱ्हाइकाने मासिक आकार व चाललेल्या मैलांप्रमाणे पैसे द्यावेत. ही सेवा चालली ती प्रामुख्याने मालवाहू गाड्यांमुळे. त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या, वेळा ठरलेल्या, म्हणून किती बॅटऱ्या भरून ठेवाव्यात ह्याचा हिशेब कंपनीला आदल्या दिवशी मांडता येई. अवचित येणाऱ्या हौशी प्रवाशाच्या भरवशावर तिने दुकान थाटले नव्हते, आणि तिच्या टिकण्याचे मर्म त्यातच होते. शंभर वर्षांनी इस्राएलमध्ये 'बेटर प्लेस' नावाच्या कंपनीने खाजगी मोटारींसाठी बॅटरी बदलण्याची केंद्रे देशभर आधी उभारली आणि गिऱ्हाइकांची वाट पाहिली. गिऱ्हाइके पुरेशी आली नाहीत. २०१३ साली कंपनीचे दिवाळे निघाले.

आपल्याकडे विजेवरील वाहतुकीचा पहिला मोठा धडा मिळाला तो रेल्वेकडून. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी गेली. तारेतील दाब १,५०० व्होल्टचा होता. दाब कमी म्हणजे प्रवाह मोठा, प्रवाह मोठा म्हणजे तारा जाड आणि विजेची उपकेंद्रे जवळजवळ. मुंबईसारख्या दाट वर्दळीच्या मार्गावर, किंवा बोरघाट व थळघाट ह्यांसारख्या चढणीवर, हा खर्च निघत असे, लांब पल्ल्याच्या विरळ मार्गावर निघता ना. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्टची पद्धत स्वीकारली, तेव्हा उपकेंद्रांतील अंतर कितीतरी वाढविता आले. परंतु मुंबईची जुनी पद्धत तशीच राहिली, आणि ती बदलण्याचे काम चालू गाड्यांच्या वेळा सांभाळीत करावे लागल्यामुळे मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गापर्यंत ते पुरे व्हावयास २०१६ साल उजाडले. सुरुवातीला निवडलेल्या दाबाची किंमत अशी नव्वद वर्षांनी मोजावी लागली.

मोटारींच्या बाबतीत हीच चूक आपल्या देशात लहान प्रमाणावर, पण फार थोड्या काळात घडून आली. भेलने १९८० च्या दशकात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर चालणारी 'इलेक्ट्राव्हॅन' नावाची लहान बस तयार केली होती व तशा गाड्या दिल्लीत चालल्या. त्या रात्री आगारात भरल्या जात, तेव्हा वाटेवरील जलद चार्जिंगचा प्रश्न उद्भवलाच नाही. तो उद्भवला २०१५ नंतर, 'फेम' योजनेने सरकारी अनुदान सुरू झाल्यावर. त्या वेळी बाजारात असलेल्या आपल्या मोटारींच्या बॅटऱ्या कमी दाबाच्या, बहुधा ७२ व्होल्टच्या. त्यांच्यासाठी 'भारत डीसी-००१' ह्या नावाचे १५ किलोवॅटचे मानक ठरले आणि सरकारी कचेऱ्यांच्या आवारांत तसे खांब उभे राहिले. मग जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन बाजारात आली. तिची बॅटरी ३० युनिटांची, दाब तीनशे व्होल्टांच्या वर आणि प्लग 'सीसीएस-२' पद्धतीचा. पाठोपाठ आलेल्या बहुतेक मोटारींनी तीच वाट धरली. जुन्या खांबांना ह्या मोटारी जोडताच येईनात. खांब गंजले नव्हते, बिघडलेही नव्हते, त्यांच्याकडे येणारा वाटसरू तेवढा बदलला होता.

ह्यापूर्वी डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर सर्व प्रकारचे प्लग असावेत अशी अट होती. युरोपीय, जपानी, भारतीय, सगळे. हेतू चांगला, की कोणीही विन्मुख जाऊ नये. परिणाम असा की ज्या जपानी पद्धतीच्या मोटारी त्या गावात एकही नाहीत, त्यांच्यासाठीही यंत्र विकत घ्यावे लागे. २०१९ च्या सुधारणेत ही सक्ती शिथिल झाली व कोणता खांब लावावा हे मालकाच्या विचारावर सोडण्यात आले. मधल्या काळात ज्यांनी नियम पाळून पैसे घातले, त्यांचे पैसे मात्र अडकून राहिले. कायदा पाळणाऱ्यास आधी भुर्दंड पडतो, हा आपल्याकडील जुना अनुभव येथेही आला.

महाराष्ट्रात ह्या विषयाची पहिली मोठी परीक्षा नागपुरात झाली. २६ मे २०१७ रोजी ओला कंपनीने महिंद्रांच्या सहकार्याने तेथे विजेच्या भाडोत्री वाहनांचा प्रयोग सुरू केला. सुमारे दोनशे वाहने, त्यांत शंभर महिंद्रा 'ई-टू-ओ प्लस' मोटारी, बाकी ई-रिक्षा, बस इत्यादी, आणि चार ठिकाणी मिळून पन्नासाहून अधिक चार्जिंगच्या जोडण्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या एका पेट्रोल पंपावरही चार्जिंगची सोय झाली. आकडे पाहता चार वाहनांमागे एक जोडणी हे प्रमाण कागदावर उदारच म्हणावे लागेल. प्रत्यक्षात २०१८ च्या आरंभी वार्ताहरांनी चालकांशी बोलून जी वृत्ते दिली, त्यांतून निराळे चित्र पुढे आले. मोटार एका भरणीत शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणार, त्यातून नागपूरचा उन्हाळा आणि वातानुकूलन. दिवसभर धंदा करणाऱ्याला दोनदा तरी भरणी करावी लागे, आणि धंदा मंदावला की सगळेच एका वेळी केंद्राकडे वळत. रांगेत तास जात. काही चालकांनी गाड्या परत केल्या व डिझेलचा मार्ग पत्करला.

ह्या प्रयोगाला अपयश म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तेथे काय उघड झाले ते नीट पाहिले पाहिजे. भाडोत्री गाडीवाल्याचे नुकसान विजेच्या दराने झाले नाही. युनिटमागे वीज डिझेलहून स्वस्तच होती. नुकसान झाले ते उभे राहिलेल्या तासांचे, कारण रांगेतील तासाला भाडे मिळत नाही. उलट केंद्राच्या मालकाच्या दृष्टीने पाहिले, तर रांग हीच त्याची कमाई. ज्या क्षणी रांग नाही, त्या क्षणी त्याचे लाखो रुपयांचे यंत्र रिकामे उभे. प्रवाशाला खांब रिकामा हवा असतो आणि मालकाला भरलेला. पेट्रोल पंपावर हा विरोध जाणवत नाही, कारण तेथे गाडी पाच मिनिटांत वाटेला लागते. एका नळीपुढे तासात दहा-बारा गाड्या सहज येऊन जातात. जलद म्हटल्या जाणाऱ्या खांबापुढेही एक मोटार अर्धा तास ते तासभर उभी राहते, आणि बॅटरी ऐंशी टक्के भरल्यानंतर तर भरणी मुद्दाम मंद होते.

रिकाम्या खांबाचा खर्च किती, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. साठ किलोवॅटचा एक खांब घेऊ. वीज मंडळाच्या बिलात वापरलेल्या युनिटांखेरीज जोडणीच्या क्षमतेवर स्थिर आकार असतो. तो दरमहा प्रति किलोवॅट दोनशे रुपये आहे असे समजू, म्हणजे महिन्याला बारा हजार. रोज दोन मोटारी आल्या व महिन्यात हजार युनिटे गेली, तर ह्या एका आकाराचाच बोजा युनिटमागे बारा रुपये. रोज सोळा-सतरा मोटारी आल्या व दहा हजार युनिटे गेली, तर तोच बोजा एक रुपया वीस पैसे. वीज तीच, खांब तोच. ह्यांत यंत्राची किंमत, जागेचे भाडे, स्वतंत्र रोहित्राचा खर्च अजून धरलेलाच नाही. गल्लीतील रोहित्र पुष्कळदा शंभर किलोव्होल्ट-अँपिअरचे असते. साठ किलोवॅटचा एक खांब त्याची अर्ध्याहून अधिक शक्ती एकटा खाणार, म्हणून नवे रोहित्र बहुधा घ्यावेच लागते.

हा स्थिर आकार सरकारच्या ध्यानात आला नाही असे नव्हे. २०२२ च्या सुधारित सूचनांत चार्जिंग केंद्रांना एकेरी दर असावा, म्हणजे केवळ युनिटांप्रमाणे आकारणी व्हावी, आणि तो पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून अधिक नसावा, असे सांगितले गेले. दर ठरविण्याचा अधिकार राज्यांच्या नियामक आयोगांचा, म्हणून अंमल राज्याराज्यांत निरनिराळा. येथे एक गोष्ट विसरली जाते. स्थिर आकार बिलातून पुसला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तारा आणि रोहित्रे उभीच असतात, त्यांचा खर्च इतर ग्राहकांच्या बिलांत वाटला जातो. ज्या घरात सायकलही नाही, त्या घराच्या दिव्याच्या बिलात त्यातील काही पैसे येतात. त्यात अन्यायच आहे असे म्हणता येणार नाही. बेगमांच्या खजिन्यात गेलेला शेतसारा देणाऱ्या कितीतरी रयतेने आगगाडीत कधी पाऊल ठेवले नसेल. पण तो खर्च कोणाकडून येतो हे उघडपणे सांगितले जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

कायद्याच्या बाजूला एक गमतीचा प्रसंगही घडला. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे वीज विकावयास परवाना लागतो. तो लागला असता तर चहाच्या टपरीजवळ खांब लावणेही दुरापास्त झाले असते. एप्रिल २०१८ मध्ये मंत्रालयाने खुलासा केला की बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नव्हे, सेवा आहे, सबब परवाना नको. सर्वांनी आनंद मानला. पुढे वस्तू व सेवा कराचा प्रश्न निघाला. विजेवर हा कर नाही, सेवेवर आहे. कर्नाटकात २०२३ साली अग्रिम निर्णय झाला, त्यात चार्जिंगवर अठरा टक्के कर लागतो असे ठरले. मोटारीवर २०१९ पासून पाच टक्के आणि तिच्या वाटेवरील विजेवर अठरा! ज्या व्याख्येने परवान्यातून सोडविले, तिनेच करात आणून बसविले.

इतके असूनही खांबांची संख्या वाढली. मार्च २०२२ मध्ये देशात १,७४२ सार्वजनिक केंद्रे होती, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये १२,१४६ झाली. त्यांपैकी ३,०७९ एकट्या महाराष्ट्रात, तर मध्य प्रदेशात साडेतीनशेच्या आसपास. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासूनच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवण्यात आले. भेलनेही दिल्ली-चंडीगड महामार्गावर दर पंचवीस-तीस किलोमीटरवर सूर्यशक्तीची जोड असलेली केंद्रे उभारली. कर्नाळ येथील केंद्राचे उद्घाटन २०२१ च्या जुलैत झाले. पेट्रोल पंपांची निवड जागा तयार आहे म्हणून झाली, हे समजण्यासारखे आहे. तथापि पंपाची जागा पाच मिनिटांच्या थांब्यासाठी घेतलेली असते. तासभर थांबणाऱ्याला सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि जेवण हवे. ह्या कामी पंपापेक्षा ढाबा अधिक लायक, आणि ढाबेवाल्याला तर युनिटावर नफा न मिळाला तरी चालेल, कारण गिऱ्हाईक तासभर त्याच्याच खाटेवर बसणार आहे.

केंद्रे किती, ह्याहून ती कोठे, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि भोपाळच्या भूगोलात तो चांगला उमगतो. अरेरा कॉलनीत किंवा कोलार रस्त्यावर ज्याच्या घराला अंगण आहे, तो रात्री घरच्याच प्लगला मोटार लावतो. आठ-दहा तासांत ती सावकाश भरते आणि घरगुती दर पडतो. असा मनुष्य जलद खांबाकडे महिन्यातून एखादे वेळी फिरकणार. म्हणून शहरात मोटारी दुप्पट झाल्या तरी खांबांचे गिऱ्हाईक दुप्पट होत नाही. जुन्या भोपाळात, चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत, मोटार उभी करावयासच जागा नाही. तेथे सार्वजनिक सोयीची खरी गरज आहे, पण ती जलद खांबाची नव्हे, रात्रभर मंद वीज देणाऱ्या साध्या जोडणीची. अनुदानाचा ओढा मात्र मोठ्या, झगमगीत यंत्रांकडे असतो.

गावाबाहेर पडल्यावर दोन रस्ते पाहावेत. भोपाळहून इंदूर सुमारे १९० किलोमीटर. सीहोर, आष्टा, सोनकच्छ, देवास असा हा मार्ग अहोरात्र वाहता आहे, म्हणून प्रत्येक गुंतवणूकदाराची दृष्टी आधी तिकडे जाते. परंतु आजच्या बऱ्याच मोटारी घरून भरून निघाल्या की इंदूरला न थांबता पोहोचतात. त्यांना वीज हवी ती इंदुरात, जेथे त्या चार तास उभ्याच राहणार आहेत, आष्ट्याला नव्हे. दुसरा रस्ता नागपूरचा, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. नर्मदापुरमजवळ नर्मदा ओलांडावयाची, इटारसी सोडली की सातपुडा चढावयाचा, बैतूल, मुलताई, पांढुर्णा करीत विदर्भात उतरावयाचे. येथे एका भरणीत निभावणे कठीण. चढणीवर बॅटरी झपाट्याने उतरते आणि जंगलाच्या पट्ट्यात वस्ती थोडी. म्हणजे जेथे वर्दळ दाट तेथे गरज कमी, आणि जेथे गरज मोठी तेथे वर्दळ विरळ. इंदूरच्या रस्त्यावरील खांब अनुदानाशिवायही कधी ना कधी आपला खर्च काढील. बैतूलच्या अलीकडचा खांब पुष्कळ वर्षे काढणार नाही. पण तो नाही म्हणून भोपाळचा मनुष्य नागपूरला जाण्यासाठी पेट्रोलची मोटार घेतो, आणि तीच मोटार मग वर्षाचे उरलेले दिवस भोपाळात फिरते.

२०२२ च्या सरकारी सूचनांत महामार्गावर दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला एक केंद्र आणि दर १०० किलोमीटरला जड वाहनांसाठी जलद केंद्र, असे माप सरसकट ठरविले होते. सपाटी आणि घाट, दाट आणि विरळ, ह्यांत ते भेद करीत नव्हते. अनुदान खांब उभारावयास मिळते, पहिल्या काही वर्षांतील रिकाम्या तासांसाठी नाही. त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी चालू असलेला खांब पुढे वाय-फाय नाही, सुटा भाग नाही, तंत्रज्ञ येत नाही अशा कारणांनी बंद राहिला, तरी त्याच्या मालकाला तो दुरुस्त करण्याची घाई नसते. दुरुस्तीला लागणारा पैसा दोन मोटारींच्या भरणीतून येत नाही. सातपुड्याच्या त्या पट्ट्यात खांब उभारणाऱ्याशी करार करताना तो चालू राहिलेल्या दिवसांवर पैसे द्यावेत, आलेल्या मोटारींवर नव्हे, अशी तरतूद करता येईल. इटारसीचा फाटा भोपाळ संस्थानने बांधविला, पण गाड्या चालविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे होते, आणि त्या फाट्यावर उतारू थोडे असले तरी इंजिनासाठी पाण्याची टाकी रोज भरलेली ठेवावी लागे.